मनात ठेवता का? होय / नाही

कारखान्यात मला 'हजेरीवाल्या मॅडम' म्हणत. दारावर 'मनुष्यबळ विकास अधिकारी' अशी पाटी होती, पण पाटी वाचायला कुणी येत नाही. माणसं यायची ती रजा मागायला, नाहीतर कॅन्टीनची डाळ पातळ झालीय हे सांगायला. कारेगावच्या शेजारी, महामार्गाला लागून असलेल्या त्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. तिथं दुचाकीच्या ब्रेकच्या रबरी नळ्या बनायच्या. नळ्या बनवणारे वेगळे. आमच्या खात्याचं काम माणसांचं. कुणाला कुठल्या मशीनवर उभं करायचं, कुणाशेजारी कुणाला अजिबात उभं करायचं नाही, रजेचं खरं कारण कोण सांगतं आणि कुणाच्या चुलतभावाचं लग्न वर्षातून तीनदा लागतं, हे ओळखायचं. ते फाइलीत सापडत नाही. कॅन्टीनच्या रांगेत दिसतं.

खुटबावच्या आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी दौंडला बी.ए. केलं, मराठी विषय घेऊन, पहिल्या वर्गात. मग पुण्याला कामगारविषयक डिप्लोमा. याचा मला अभिमान होता आणि आहे. इथं सांगायचं कारण एवढंच, की पुढं जी चूक सांगणार आहे ती याच अभिमानातून झाली. अडाणी माणसाच्या हातून ती झाली नसती.

आमच्याकडं सोपान नावाचा इन्स्पेक्टर होता. इन्स्पेक्टर म्हणजे तयार माल तपासून त्यावर ओकेचा शिक्का मारणारा. त्याच्या घरचा शिरूरजवळ शेवंतीचा मळा, हा आयटीआय करून आमच्याकडं लागलेला. वय पस्तिशीच्या आत. जेवायला सगळ्यांत शेवटच्या बाकावर बसायचा. गणपतीच्या कमिटीत नसायचा, पण मखराची कागदी फुलं त्यानंच केलेली असायची. बिहारहून नवा पोरगा आला की त्याला पहिला आठवडाभर खोली, पाणी, रेशनचं दुकान कोण दाखवतं, ते मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मी सोपानच्या नावापुढं मनातल्या मनात 'घुमा' असं लिहून टाकलं होतं.

त्याच्या एका प्रसंगातून अख्खा माणूस कळतो. एकदा एक लॉट ट्रकमध्ये चढायला तयार होता. नळीच्या टोकाला धातूचं टोपण दाबून बसवतात. त्या टोपणाच्या कडेला केसाएवढी चीर सोपानला दिसली. त्यानं शिक्का मारला नाही. प्रॉडक्शन मॅनेजर शेलारसाहेब धावत आले. शिक्रापूरकडचा बागाईतदार माणूस, आवाज असा की मशीन चालू असताना त्यांना ओरडावं लागत नसे.

"काय झालं? गाडी उभीय बाहेर!"

सोपान हातातल्या नळीकडं बघत राहिला.

"अरे बोल की! शिक्का कुठाय?"

सोपाननं शिक्का खिशात घातला आणि खिशावर हात ठेवून उभा राहिला. पंधरा मिनिटं साहेब बोलत होते आणि हा हलला नाही. शेवटी त्यांनी स्वतः भिंग लावून पाहिलं. चीर होती. ब्रेकच्या नळीला चीर म्हणजे काय, ते दुचाकी चालवणाऱ्याला सांगायला नको. लॉट थांबला.

इथवर कौतुक. पण नंतर मी त्याची वही पाहिली, तर त्यात दोन दिवस आधीची नोंद होती: 'टोपण दाबणाऱ्या मशीनचा आवाज बदललाय. लक्ष ठेवणे.' दोन दिवस! मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "मॅडम, खात्री नव्हती. आन् उगं कुणाच्या मशीनला नाव कशाला ठेवायचं?" त्या दोन दिवसांतला सगळा माल परत तपासावा लागला. त्यातलाही निम्मा त्यानंच तपासला, कुणी न सांगता, जेवणाच्या सुट्टीत.

याच सुमारास एक नवी लाईन सुरू व्हायची होती आणि तिला सुपरवायझर हवा होता. बाहेरून आणायचा नाही, आतल्यातला करायचा, असं ठरलं. नावं दोन पुढं आली: सोपान आणि बबन. बबन बोलका, हजरजबाबी, कामाला बरा. सोपाननं अर्ज केला याचंच सगळ्यांना नवल. त्याच्या बायकोनं मागं लागून करायला लावला, हे पुढं कळलं. चाळीस माणसांवरचा सुपरवायझर म्हणजे आमच्याकडं मोठीच गोष्ट. ऑपरेटरचा निळा शर्ट जाऊन पांढरा येतो, आणि गावातले लोक नावापुढं 'साहेब' लावतात.

पुण्यातल्या मुख्य कार्यालयाला वाटलं, निवड शास्त्रीय व्हावी. त्यांनी तिथूनच नेहा नावाची एक सल्लागार पाठवली. हुशार मुलगी, लॅपटॉप उघडून झरझर समजावून सांगायची. साठ प्रश्न, उत्तरं होय किंवा नाही. त्यावरून माणूस सोळा कप्प्यांपैकी एकात बसतो, आणि प्रत्येक कप्प्याला चार इंग्रजी अक्षरांचं नाव. एका कप्प्यावर तिनं बोट ठेवलं.

"मॅम, हे अंतर्मुख आणि आदर्शवादी लोक. बाहेरून शांत, पण आत सतत काहीतरी चालू."

"ट्रान्सफॉर्मरसारखे," मी म्हणाले.

ती हसली. मग तिनं त्या माणसांचं वर्णन वाचून दाखवलं. जे बरोबर वाटतं ते सोडत नाहीत, कुणी कितीही ओरडलं तरी. दुसऱ्याचं दुखणं न सांगता कळतं. दिलेल्या कामात जीव ओततात, मात्र ते काम पटलेलं असावं लागतं. उणीव अशी, की नाही म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून दुसऱ्याची कामंही अंगावर येतात. कामाला नाव ठेवलं तरी आपल्यालाच ठेवलं असं वाटतं. सगळं अगदी नीट झाल्याशिवाय पुढं करत नाहीत, आणि सांगायची गोष्ट वेळ गेल्यावर सांगतात. मी ऐकत होते आणि डोळ्यांपुढं खिशावर हात ठेवलेला सोपान उभा होता. शास्त्रात तथ्य आहे असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

प्रश्न इंग्रजीत होते. नेहा म्हणाली, "भाषांतर एजन्सीकडून करून घेऊ?" मला ते लागलं. मी इथं असताना मराठी बाहेरून कशाला आणायचं? मी राहायचे त्या शिरूरच्या घरी एका रविवारी बसून मी साठही प्रश्न मराठीत केले. कागद दोन रकान्यांचा होता आणि एक प्रश्न एका ओळीत बसला पाहिजे अशी नेहाची अट होती. एक प्रश्न असा होता, की तुमच्या भावना तुम्ही स्वतःपाशीच ठेवता का. मी लिहिलं, 'तुम्ही गोष्टी मनातल्या मनात ठेवता का?' ओळ दोन शब्दांनी बाहेर गेली. मी 'तुम्ही' काढलं आणि 'मनातल्या'सुद्धा काढलं. राहिलं: 'गोष्टी मनात ठेवता का?' ओळ बसली. इंग्रजीशी ताडून पाहिलं, तेही जुळलं. मला समाधान वाटलं.

मराठी वाचकाला एव्हाना चूक दिसली असेल. मला दिसली नाही.

बेचाळीस जणांनी कॅन्टीनमध्ये बसून पेपर सोडवला. त्या प्रश्नाला एकेचाळीस जणांनी 'नाही'वर खूण केली. शेलारसाहेबांनीही हौसेनं पेपर भरला आणि 'नाही' केलं. हा तोच माणूस, जो सोसायटीच्या मागच्या दोन निवडणुकांत आपली मतं कुणी कुणी फोडली ते अजून नावानिशी सांगतो. 'होय'वर खूण एकच होती. सोपानची.

नेहाच्या लॅपटॉपनं त्याला बरोबर त्या अंतर्मुख कप्प्यात टाकलं. तिचा इंग्रजी अहवाल त्याच्याबद्दल चांगलंच बोलत होता. पण शेलारसाहेबांनी अहवाल वाचला नाही, मूळ कागद वाचला.

"मॅडम, हे बघा. ह्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. मनात ठेवतो म्हणून!"

"त्यात काय एवढं, साहेब? शांत स्वभाव आहे त्याचा."

"शांत? चाळीस माणसं द्यायची ह्याच्या हाताखाली. आज कुणी उलटं बोललं, की हा सहा महिन्यांनी त्याची रजा अडवणार. असला माणूस लय वाईट बरं का. बबन तोंडावर शिव्या देईल, पण दुसऱ्या मिनिटाला विसरंल."

मला वाटलं, साहेबांना अंतर्मुख म्हणजे काय तेच समजत नाही. मी त्यांना पाच मिनिटं मानसशास्त्र सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांचं बोलणं चार भिंतींत राहत नसे. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लाईनला माहीत झालं, की सोपान मनात ठेवतो. त्यापुढचे तीन दिवस मी नोकरीत पाहिलेल्या सगळ्यांत चमत्कारिक दिवसांपैकी. एकेक माणूस सोपानपाशी जाऊन माफी मागू लागला. उद्या हाच सुपरवायझर झाला तर, हा हिशेब त्यात होताच.

"सोपानभाऊ, त्या गणपतीत तुझी नक्कल केली व्हती. चेष्टा व्हती बरं का. मनात ठिवू नको."

"अरं, काय हे? मला आठवत बी न्हाई."

"न्हाई न्हाई, तुला आठवतंय. तू बोलत न्हाईस."

पॅकिंगच्या म्हाताऱ्या बाळूमामांनी दोन वर्षांपूर्वी नेलेली त्याची छत्री परत आणली. शिक्रापूरला खोली करून राहणारा एक बिहारचा पोरगा डब्यातली लिट्टी त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "सोपान भैया, कभी कुछ बोल दिया हो तो दिल पे मत लेना।" सगळे पाया पडायचे तेवढे बाकी राहिले. आणि शेवटच्या बाकाजवळच्या दोन बाकांवर बसायचं लोकांनी बंद केलं.

मला हे वरवर दिसत होतं आणि हसू येत होतं. चौथ्या दिवशी सोपानचा कागद माझ्या टेबलावर आला, प्रत शेलारसाहेबांना. 'सुपरवायझर पदासाठी केलेला अर्ज वैयक्तिक कारणामुळे मागे घेत आहे.' अक्षर नेहमीसारखं स्वच्छ.

त्याला बोलावलं. तो दारातच उभा.

"आत ये, बस. हे काय आहे?"

"लिहिलंय की मॅडम."

"वैयक्तिक कारण म्हणजे?"

मी टेबलावरचे कागद आवरले, पाणी प्याले. अशा माणसाला घाई करायची नाही, एवढं मला नेहाकडून कळलं होतं.

"लोकं भ्यायला लागलीत मला," तो म्हणाला. "बाळूमामा. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. माझ्याम्होरं हात जोडून उभा राह्यला. मी कवा कुणाचं काय मनात ठिवलं, मॅडम?"

"मग तू 'होय' का लिहिलंस?"

"तुम्ही इचारलं म्हणून लिहिलं. मला वाटलं, मनातलं बोलून दाखवत न्हाई का, असं इचारताय. ते खरंच हाय. खोटं कसं लिहू? पेपर दिल्यावर बबन म्हणाला, अरं येड्या, डूख धरतो का असं इचारलं व्हतं. तवा मला कळलं. पण पेपर गेला व्हता."

मी कागद काढून तो प्रश्न वाचला. या वेळी इंग्रजी बाजूला ठेवून वाचला, खुटबावच्या कानानं. भावकीतलं भांडण मिटलं की आमची आई उंबऱ्यापर्यंत जाऊन म्हणायची, "काय उणंदुणं बोललो असंल तर मनात ठेवू नका." हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. एकेचाळीस माणसांनी प्रश्न बरोबर वाचला होता, कारण मराठीत तो तसाच होता. सोपाननं शब्द वाचले नव्हते; विचारणारीच्या मनात काय असेल ते वाचलं होतं. ही त्याची खोड. तिच्यापायी तो एकटाच मला हवं ते उत्तर देऊन फसला.

त्याला मी म्हणाले, "बघते मी." एवढंच.

खरं म्हणजे त्याच मिनिटाला उठून शेलारसाहेबांकडं जायला हवं होतं. मी चार दिवस घेतले. नेहा सोमवारी येणार होती. तिच्याशी बोलून, प्रश्न दुरुस्त करून, सगळं व्यवस्थित कागदावर आणून मगच सांगू, असं मी स्वतःला समजावलं. त्याखालची गोष्ट वेगळी होती. पहिल्या वर्गात मराठी घेऊन पास झालेल्या बाईला एका ओळीचं मराठी जमलं नाही, हे सांगायचं होतं, आणि माझी जीभ उचलत नव्हती.

सोमवारी सांगितलं. नेहानं ऐकून घेतलं, चेहरा पडला तरी समजूतदारपणे. प्रश्न बदलला: 'मनातलं बोलून दाखवायचं टाळता का?' पुन्हा कागद वाटले. या वेळी एकोणतीस जणांनी 'होय' केलं. शेलारसाहेब म्हणाले, "आता सगळेच घुमे निघाले की!" आणि मोठ्यानं हसले. मग हसू थांबवून म्हणाले, "पण मॅडम, बबनला शनिवारीच लेटर दिलं. दुसऱ्यानं अर्ज मागं घेतलेला, मग थांबायचं कशाला?"

मी लेखी कबुली दिली. मुख्य कार्यालयाच्या फाइलीत ती आहे. माझ्या त्या वर्षीच्या मूल्यमापनात एक ओळ तिच्यावर खर्च झाली. माझ्या लेखी प्रकरण संपलं. चूक केली, लपवली नाही, वरपर्यंत सांगितली. थोडा अभिमानही वाटला असेल.

आठ महिने गेले. सोपान शिक्का मारत होता, वहीत लिहीत होता, दिसला की मान हलवत होता. एक दिवस पहिली पाळी सुटल्यावर तो ऑफिसात आला. या वेळी आत आला आणि मी न सांगता खुर्चीवर बसला.

"मॅडम, एक बोलायचंय."

"बोल."

"चूक तुमची व्हती."

"हो. मी तसं लिहून दिलंय, सोपान. मुख्य कार्यालयात."

"तिकडं दिलंत. लाईनवर कुणाला सांगितलंत?" नजर टेबलावर होती, पण बोलणं थांबत नव्हतं. "साहेबास्नी सांगितलं, पुण्याला सांगितलं. बाळूमामा आजून माझ्याशी जपून बोलतो. माझी बायको गावच्या बाजारात गेली तर बाया इचारतात, तुझा नवरा डूख धरतो म्हणं. जागा गेली त्याचं एवढं न्हाई. पण आठ महिनं मला तुमचा राग येतोय."

"मग आधी का नाही बोललास?"

"आत्ता बोललो की."

सव्वीस वर्षांत कामगारांनी मला पुष्कळ सुनावलं; पाठ करून आलेली भाषणं, युनियनची निवेदनं, शिव्या. कशानं झोप गेली नाही. या साध्या बोलण्यानं मात्र गेली, कारण त्यात वाढवलेलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होताना जी दहा मिनिटांची उभी मीटिंग असते तिला मी गेले. सगळे ओळीत उभे. मी सांगितलं: मागं जो पेपर घेतला त्यातला एक प्रश्न मी चुकीच्या मराठीत लिहिला होता. तुम्ही सगळ्यांनी तो बरोबर वाचलात, चूक माझी. मला विचारायचं होतं एक आणि मी विचारलं भलतंच. सोपाननं खरं उत्तर दिलं आणि माझ्या चुकीनं त्याचं नाव खराब झालं. त्याबद्दल मी त्याची तुमच्यासमोर माफी मागते.

मग मागून बाळूमामांचा आवाज आला.

"मग मॅडम, ती छत्री मला परत मिळंल का?"

हशा पिकला. सोपानही हसला, खाली बघून. मीटिंग मोडल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "राग गेला?"

"न्हाई," तो म्हणाला. "कमी झालाय."

हे त्याला तोंडावर सांगता आलं, याचीच मला मोठी गंमत वाटली.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधी दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरची जागा निघाली. सोपाननं अर्ज केला, या वेळी स्वतःहून. कप्प्यांचा पेपर एव्हाना बंद झाला होता, पण फॉर्मवर 'व्यक्तिमत्त्व प्रकार' हा रकाना तसाच राहिला होता आणि तो मला भरायचा होता. चार इंग्रजी अक्षरं पाठ होती. लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. मग मराठीत लिहिलं: 'बोलतो. वेळ द्यावा लागतो.' एका ओळीत बसलं.

फॉर्म शेलारसाहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"किती वेळ द्यावा लागतो?"

"मला आठ महिने लागले, साहेब. चूक मोठी होती माझी. छोटी असेल तर लवकर बोलतो."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पुन्हा फॉर्मकडं पाहिलं, आणि सही केली.